बाजारहाट आणि घरांतलें मूल

महाराष्ट्रांतील कौटुंबिक जीवनाचा इतिहास सांगतांना सणवार, लग्नकार्यें, व्रतवैकल्यें यांचें वर्णन विस्तारानें केलें जातें. परंतु घरांतलें मीठ संपलें म्हणजे तें आणावयास कोण जात असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण तो तसा नाहीं. घरचा कर्ता पुरुष शेतावर किंवा कचेरींत गेलेला, गृहिणी चुलीपुढें अडकलेली. अशा वेळीं दुकानाची वाट तुडविणारें माणूस एकच उरतें, आणि तें म्हणजे सात-आठ वर्षांचें मूल. एका हातांत तेलाची बुधली, दुसऱ्या हाताच्या मुठींत घट्ट धरलेला पैसा, आणि विसरूं नये म्हणून वाटभर घोकीत नेलेलें "अदपाव गूळ, पैशाचें जिरें" हें वाक्य, इतक्या भांडवलावर हें मूल वाण्यापुढें उभें राही. समोर बसलेल्या माणसाचा सारा जन्म तराजू धरण्यांत गेलेला. या दोघांमधला व्यवहार न्यायाचा व्हावा कसा? शाळेंतील पाढ्यांपासून सरकारी कायद्यांपर्यंत अनेक गोष्टींचा संबंध या एका अडचणीशीं पोहोंचतो.

पूर्वीं खेड्यांतील कुटुंबाची बाजाराशीं गांठ फार थोडी पडे. धान्य शेतांतलें, भाजी परसांतली, दूध गोठ्यांतलें. नांगराचा फाळ लोहाराकडून, मडकीं कुंभाराकडून, जोडा चांभाराकडून येई. आणि त्यांची भरपाई रोख पैशानें न होतां सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याच्या बलुत्यानें होई. विकत घ्यावयाचें उरे तें मीठ, मसाला, कापड, बांगड्या, धातूचीं भांडीं, असें मोजकें. त्यासाठीं आठवड्याचा बाजार होता. बाजारच्या दिवशीं पंचक्रोशींतील माणसें एका गांवीं जमत; मूल बापाच्या खांद्यावर किंवा गाडींत बसून जाई, नाहीं तर घरीं राहून संध्याकाळपर्यंत वाटेकडे डोळे लावून बसे. बाजार करून येणाऱ्यानें मुलांसाठीं शेव-रेवड्यांचा पुडा आणलाच पाहिजे, हा कोठेंही न लिहिलेला पण फारसा कोणी न मोडलेला कायदा होता.

मधल्या दिवसांत कांहीं लागलें तर गांवच्या वाण्याकडे मूल धाडीत. त्याच्या हातीं बहुधा पैसा नसे, ज्वारी असे. फडक्यांत बांधून नेलेलें धान्य वाणी मापून घेई आणि त्याच्या मोबदल्यांत मीठ-मिरची देई. म्हणजे एका खेपेंत दोनदां माप होई: एकदां घेतांना, एकदां देतांना. धान्य घेतांना माप शिगोशीग भरून घ्यावयाचें आणि माल देतांना हात आंखडावयाचा, ही तक्रार फार जुनी आहे. मोठें माणूस समोर असलें तर दोन शब्द बोले; मुलाला तें धैर्य कोठून येणार?

आणि सर्वच मुलांना दुकानापुढें सारखें उभें राहतां येत नसे, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलानें दूर उभें राहावें, पैसा खालीं ठेवावा, आणि वाण्यानें वरून टाकलेली पुडी ओंजळींत झेलावी, अशी रीत गांवोगांव होती. वजनाचा कांटा समतोल राहिला कीं नाहीं हें पाहण्याइतकें जवळ जाण्याचीच ज्याला बंदी, त्याला फसवणुकीची दाद कोणाकडे मागतां येणार? खेड्यांतील जुन्या जीवनाचें गोड चित्र रंगवितांना ही ओंजळ चित्राबाहेर ठेवण्याची संवय पुष्कळांस आहे.

मापांचा पसाराही लहानसहान नव्हता. धान्य मापण्यासाठीं दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें एक चिपटें, दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, अशी चढण होती. वजनानें विकल्या जाणाऱ्या मालासाठीं निराळी: पांच तोळ्यांचा एक छटाक, दोन छटाकांचा अदपाव, चार छटाकांचा पावशेर, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. अदपावालाच नवटाक असेंही नांव होतें, कारण बहात्तर टांकांच्या शेराचा आठवा हिस्सा म्हणजे नऊ टांक. (याच नवटाकानें पुढें मुंबईंत दारूच्या गुत्त्यावर जी कीर्ति मिळविली, ती किराण्याच्या इतिहासांत येत नाहीं.) एकाच नांवाचें वजन सगळीकडे सारखें असतें तर हें सारें पाठ करून भागलें असतें. परंतु मुंबईचा जुना मण सुमारें २८ पौंडांचा, तर सरकारी मण ८२ पौंडांहूनही किंचित् अधिक! पायलीचा शेर निराळा आणि तराजूचा शेर निराळा. एका तालुक्यांतून दुसऱ्या तालुक्यांत राहावयास गेलेल्या कुटुंबाला भाषा तीच सांपडे, पण मण दुसरा.

राज्यकर्त्यांचें याकडे लक्ष नव्हतें असें नाहीं. पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे चोरांचा बंदोबस्त होता, तशीच बाजारभावांवर व वजनांमापांवर नजर ठेवण्याचीही जबाबदारी होती. इंग्रजी अमदानींत मुंबई सरकारनें १९३२ सालीं वजनांमापांचा कायदा केला आणि ऐंशी तोळ्यांचा शेर इलाख्यापुरता कायम करण्याचें ठरविलें. पण कोतवाल काय किंवा कायदा काय, तो प्रत्येक दुकानाच्या पायरीवर बसूं शकत नाहीं. घराला आपलें संरक्षण आपणच करावें लागे. आणि त्यासाठीं जें शस्त्र घडविण्यांत आलें तें म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी.

अपूर्णांकांचे हे पाढे पंतोजींच्या शाळेंत धुळाक्षरें संपतांच सुरू होत. पुढील काळांतील शिक्षणसुधारकांनीं त्यांची पुष्कळ थट्टा केली आहे. ज्या मुलाला अपूर्णांक म्हणजे काय हें सांगतां येत नाहीं त्याच्याकडून "अकरा औट साडेअडतीस" घोकून घेण्यांत काय अर्थ, असा त्यांचा आक्षेप. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनें तो खराही असेल. परंतु हे पाढे तत्त्वज्ञानासाठीं नव्हतेच. ते दुकानासाठीं होते. सात आणे शेर या दरानें सव्वा शेर साखर आणावयाची आहे. मुलाच्या कानांत "सात सवाया पावणेनऊ" हें घुमत असेल, तर पावणेनऊ आणे झाले, आणि दहा आणे दिल्यावर पांच पैसे परत मिळाले पाहिजेत, हें वाणी पुडीला दोरा गुंडाळीत आहे तोंवर त्याला कळून चुकलेलें असे. पाटी नाहीं, पेन्सिल नाहीं, विचार करण्याचा अवकाशही नाहीं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, या नाण्यांच्या जगांत पाव, अर्धा आणि पाऊण हेच नेहमींचे आंकडे होते, आणि पाढेही नेमके त्यांचेच होते.

याच्यावर "तोंडचे हिशेब" होते, आणि त्यांतील चातुर्य आजही मनाला आल्हाद देतें. मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितके आणे. कारण मणाचा सोळावा हिस्सा अडीच शेर आणि रुपयाचा सोळावा हिस्सा आणा. ज्वारी पांच रुपये मण असेल तर अडीच शेरांस पांच आणे, म्हणजे शेरास दोन आणे. शेराला जितके रुपये, छटाकाला तितके आणे. तोळ्याला जितके आणे, माशाला तितक्या पै. डझनाला जितके आणे, नगाला तितक्या पै. सोळा आणि बारा यांच्या विभागणीवर उभारलेली ही पद्धति वरून गुंतागुंतीची दिसली तरी आंतून ती अशी एकमेकांत बसलेली होती. ज्याला किल्ल्या ठाऊक त्याला दार उघडत असे.

या किल्ल्या मात्र मुलाच्याच हातीं दिल्या जात, मुलीच्या नव्हे. पांढरपेशा घरांतून मुलगी थोडी मोठी झाली कीं तिचें दुकानाकडे जाणें बंद होई, आणि बाजार करावयाचा तो पुरुषांनीं, असा शहरांतील वरिष्ठ वर्गांचा दंडक होता. गृहिणीची खरेदी दारावर होई: भाजीवाली येई, कासार बांगड्या भरावयास येई, जुन्या कपड्यांवर भांडें देणारी बोहारीण येई, आणि या शेवटच्या व्यवहारांत तर आईच्या पदराआडून पाहणाऱ्या मुलांना घासाघीस म्हणजे काय याचें उत्तम शिक्षण मिळे. शेतकरी व कष्टकरी वर्गांतील स्त्रियांना असला पडदा परवडणारा नव्हता. त्या बाजारांत विकीतही आणि विकत घेतही. परंतु पांढरपेशा घरांत विचित्र वांटणी झाली होती. कोठींतून मापट्यानें धान्य काढून देणारी, महिना कसा पुरवावयाचा हें जाणणारी गृहिणी भावांपासून दूर. आणि भाव करणारा पुरुष घरांत डाळ किती लागते याविषयीं अनभिज्ञ. या दोघांतील निरोप्या म्हणजे पुन्हा तें मूलच.

शहरांत मंडया उभ्या राहूं लागल्यावर चित्र पालटूं लागलें. मुंबईंत पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नांवाची मंडई १८६९ सालीं पुरी झाली. तिच्या दर्शनी भागावरील कोरीव चित्रें लॉकवुड किपलिंग यांचीं. पुण्यांत शनिवारवाड्यापुढील पटांगणांत भरणारा भाजीबाजार १८८६ सालीं शुक्रवार पेठेंतील नव्या इमारतींत गेला, आणि गव्हर्नर रे यांच्यावरून तिला रे मार्केट असें नांव पडलें. नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा असें त्यांचें म्हणणें. पुढें त्याच मंडईला महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें, आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही त्यांचेंच! मंडईनें एक गोष्ट मात्र केली. एकाच छपराखालीं दहा गाळे शेजारी-शेजारी आल्यामुळें भाव विचारीत पुढें सरकण्याची सोय झाली. लहान मुलाला बोट धरून फिरवितां येईल अशी ही पहिलीच बाजारपेठ. भाजी घेतल्यावर वर टाकलेल्या कोथिंबिरीच्या काड्या आणि मुलाच्या हातावर ठेवलेलें एखादें बोर, हे या व्यवहारांतील अलंकार होत.

मुंबईच्या गिरणगांवांत प्रश्न निराळाच होता. तेथें पगार महिन्यानें मिळे, आणि तोही महिना संपल्यावर कांहीं दिवसांनीं. कोंकणांतून किंवा घाटावरून नव्यानें आलेल्या कामगाराला पहिला पगार हातीं पडेपर्यंत दीड महिना उधारीवर काढावा लागे. त्यामुळें चाळीच्या तोंडाशीं असलेला वाणी हाच त्या कुटुंबाचा सावकार बने. मूल दुकानांत जाई तें पैसा घेऊन नव्हे, तर वही घेऊन. वाणी माल देई, वहींत आंकडा मांडी, आणि मूल परत येई. तोंडचा हिशेब येथें निरुपयोगी. कारण उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव विचारण्याचा अधिकार नसतो. रोख घेणारा दुसऱ्या दुकानीं जाऊं शकतो, वहीवर घेणारा जाऊं शकत नाहीं. १९२८ सालीं गिरण्यांचा संप सहा महिने चालला, तेव्हां लढा जसा मालकांशीं होता तसाच तो वाण्याच्या धीराशींही होता. उधार थांबलें कीं चूल थांबे.

याच सुमारास मुलांच्या वांट्याला एक नवें काम आलें. जोपर्यंत पहांटे घरोघर जातें फिरत होतें, तोंपर्यंत दळणाशीं मुलांचा संबंध जात्याच्या घरघरींत झोंपण्यापुरताच. पिठाच्या गिरण्या निघाल्यावर बायकांच्या खांद्यांवरचें मोठें ओझें उतरलें यांत शंका नाहीं. त्यांतलें थोडें मात्र मुलांच्या डोक्यावर चढलें. दळणाचा डबा घेऊन जाणें, नंबर लावणें, आपल्या गव्हावर दुसऱ्याची ज्वारी दळली जात नाहीं ना हें पाहणें, आणि ऊन ऊन पीठ घेऊन परत येणें, हा शहरी मुलाच्या दिनक्रमाचा भाग झाला, आणि तो कित्येक दशकें राहिला.

दुसऱ्या महायुद्धानें वाण्याचें राज्य एका रात्रींत हालविलें. २ मे १९४३ रोजीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. हिंदुस्थानांतील मोठ्या शहरांत हा मान पहिला मुंबईचा. आतां किती घ्यावयाचें हें घर ठरवीत नसे, कार्ड ठरवी. कुटुंबांतील माणसें मोजण्यांत आलीं, आणि या मोजणींत मूल अर्ध्या माणसाइतकें धरण्याचीही रीत पडली. पावकी-निमकी घोकणारें मूल स्वतःच निमकींत गेलें. रांगेंत उभें राहण्यासाठीं मात्र तें पुरें माणूस होतें. पिशवी ठेवून जागा धरणें, आई घरचें काम उरकून येईपर्यंत ती सांभाळणें, आणि "माल संपला" हे शब्द ऐकून रित्या हातानें परतणें, हें त्या पिढीच्या असंख्य मुलांनीं अनुभवलें. तांब्याच्या टंचाईमुळें त्याच वर्षीं मध्यें भोंक असलेला पैसा निघाला. तो दोऱ्यांत ओवतां येई, त्यामुळें वाटेंत हरवण्याची भीति कमी. मुलांच्या दृष्टीनें युद्धकाळांतील सरकारनें केलेली ही एकमेव सोय म्हणावी लागेल. रेशनच्या दुकानांविषयीं तक्रारी उदंड होत्या; तरी गिरणगांवांत त्यांतूनच एक चांगली गोष्ट निघाली. १९४८ सालीं नायगांवच्या कामगारवस्तींत लोकांनीं सहकारी तत्त्वावर स्वतःचें दुकान काढलें. तेंच पुढें 'अपना बाजार' या नांवानें वाढलें. वाणी आणि गिऱ्हाईक यांतील अंतरच काढून टाकण्याचा हा प्रयत्न होता.

मग आला तो दशमान पद्धतीचा दिवस. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नये पैसे झाले. हिशेब सोपा झाला हें निर्विवाद. पण संक्रमणाच्या काळांत सर्वांत अधिक झळ कोणाला लागली हें पाहण्यासारखें आहे. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. व्यवहारांत तो सहा धरला गेला. दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे बरोबर पंचवीस. मोठ्या रकमेंत ही ओढाताण जाणवत नसे. परंतु जुना एक पैसा म्हणजे दीड नया पैसा आणि वर थोडें. कोष्टकांत त्याचे दोन नये पैसे झाले. म्हणजे रुपयाच्या गिऱ्हाइकाचें कांहींच बिघडलें नाहीं, आणि पैशाचे फुटाणे घेणाऱ्या मुलाला तेच फुटाणे पाव हिश्शाहूनही अधिक महाग पडले. 'नया' हा शब्द १९६४ सालीं गळला. तोंपर्यंत १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅमही टप्प्याटप्प्यानें येऊन पोहोंचला होता, आणि १९६२ च्या एप्रिलपासून शेर-छटाकांचीं वजनें कायद्यानें बाद झालीं. एका पिढीच्या आंत शाळेंतील औटकी आणि दुकानांतील अदपाव यांची ताटातूट झाली. पाढे कांहीं वर्षें तसेच म्हटले जात राहिले, राजा गेल्यावरही चौघडा वाजत राहावा तसे.

हिशेब सोपा झाला म्हणून जिन्नस स्वस्त झाले नाहींत. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास धान्य, तेल, साखर, रॉकेल यांच्या किंमती मध्यमवर्गालाही झेपेनाशा झाल्या, आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदि स्त्रियांच्या नेतृत्वाखालीं मुंबईंतील गृहिणी लाटणीं आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. दोन पिढ्यांपूर्वीं ज्यांना दुकानाची पायरी वर्ज्य होती, त्याच स्त्रिया आतां मंत्र्यांना भावांचा जाब विचारीत होत्या. पाठोपाठ, पुण्यांत १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानें ग्राहक पंचायत स्थापन झाली, आणि १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत. शेजारपाजारच्या कुटुंबांनीं संघ करावा, महिन्याची यादी एकत्र द्यावी, घाऊक माल आणवावा आणि एखाद्या सभासदाच्या घरीं आपण होऊनच त्याचें वाटप करावें, ही मुंबईच्या पंचायतीची पद्धत आजही चालू आहे. मोर्चापेक्षां हें काम संथ. परंतु मालाची परीक्षा आणि वजनाची खात्री यांचा भार त्यानें एकट्या घरावरून उचलून दहा घरांवर ठेवला.

१९७७ च्या नियमांनीं बंद पाकिटावर वजन व किंमत छापणें बंधनकारक झालें, आणि दुकानांत धाडलेल्या मुलाचें काम वाचण्यापुरतें उरलें. पावकी शाळेंतून गेली. चार आण्यांच्या नाण्याचें पावली हें नांव पंचवीस पैशांकडे आलें होतें, तें नाणेंही ३० जून २०११ नंतर चलनांतून गेलें. भाजीवालीपुढें उभें राहून मात्र लोक अजून "पावशेर मिरच्या" असेंच मागतात. शेर ऐंशी तोळ्यांचा होता तेव्हां पावशेर सुमारें २३३ ग्रॅम भरे. आतां त्याच नांवानें २५० ग्रॅम पारड्यांत पडतात.